लेखी मत देऊ नये

नदी उतरली होती.

जूनचा दुसरा आठवडा. ऊन कडक होतं आणि वरच्या शिखरांवरचं बर्फ भराभर वितळत होतं. अशा दिवसांत दुपारी चारनंतर त्या नदीचा आवाज एवढा वाढायचा की गेस्ट हाऊसच्या खोलीतसुद्धा मोठ्यानं बोलावं लागायचं. त्या दिवशी मात्र मी खिडकीत उभी होते आणि खाली फाटकापाशी उभ्या असलेल्या सैनिकाचं खोकणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. देशाचं नाव सांगत नाही. मध्य आशियातला एक डोंगराळ देश, एवढंच. ज्या गावाला मी झरदोब म्हणणार आहे, तेही त्याचं खरं नाव नाही. मी नागपूरच्या एका सरकारी संस्थेत जलवैज्ञानिक होते. डोंगरातल्या तलावांची मोजणी कशी करतात ते शिकायला चार आठवड्यांसाठी तिथं गेले होते. तिसऱ्या आठवड्यात राजधानीत गोळीबार झाला आणि सगळीकडे संचारबंदी लागली. गेस्ट हाऊसमधले बाकीचे पाहुणे आदल्या दिवशीच निघून गेले होते. मी एकटी उरले.

माझ्याजवळ एक प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात दोन कागद. पहिला कागद दौऱ्याच्या मंजुरीचा. तो मिळायला सात महिने आणि अकरा सह्या लागल्या होत्या. भेट फक्त राजधानी आणि झरदोब या दोन ठिकाणी. यजमान देशाच्या अंतर्गत बाबींत भाग घेऊ नये. कोणालाही लेखी मत, सल्ला किंवा मुलाखत देऊ नये. दुसरा कागद सुरक्षिततेच्या सूचनांचा. गडबड झाल्यास खोलीतच थांबावं, खिडकीपासून दूर राहावं, टबात पाणी भरून ठेवावं, पासपोर्ट अंगावर बाळगावा, रोज सकाळी नऊ वाजता दूतावासाला फोन करावा. मी सगळं करत होते. फक्त खिडकीपासून दूर राहणं जमत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत डॉ. शेराली आले. ते तिथल्या जलसंशोधन केंद्राचे प्रमुख, पन्नाशीचे, उंच, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. त्यांच्याकडे संचारबंदीतला पास होता. रोज ते माझ्यासाठी नान आणि दही घेऊन यायचे. सोबत त्यांची सहायक नोदिरा असायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं.

"तुम्ही नदी पाहिली?" मी त्यांना दारातच विचारलं.

"म्हणूनच आलोय," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. वरच्या खोऱ्यात त्यांच्या मोजणी केंद्रावर एक पहारेकरी असायचा. त्यानं सकाळी रेडिओवरून कळवलं होतं: काल संध्याकाळी अख्खी डोंगरकडा नदीत कोसळली आहे, पाणी अडलं आहे, मागे तलाव तयार होतोय. त्यानं काठावर खांब रोवून दर तीन तासांनी पाणी किती चढलं ते सांगितलं होतं. कागदावर तेच आकडे होते.

मी टेबलाशी बसले. शेराली खोऱ्याची रुंदी सांगत होते, मी मांडत होते. तीन वेगळ्या पद्धतींनी हिशेब केला. पाणी दरडीच्या माथ्यावरून वाहायला लागलं की ती मातीची दरड काही मिनिटांत फुटणार आणि मागचं सगळं पाणी एकदम खाली येणार. लवकरात लवकर साठ तास, उशिरात उशिरा पाच दिवस.

गेस्ट हाऊस टेकाडावर होतं. माझ्या खोलीला काही होणार नव्हतं. खाली नदीकाठी मात्र सुमारे तीनशे घरांची वस्ती होती.

"तुम्ही इथल्या लष्करी कमांडंटला सांगितलंत?" मी विचारलं.

शेरालींनी चष्मा काढला. "दुपारीच सांगितलं. तो हसला. माझा जन्म वरच्या खोऱ्यातला, आणि बंडखोरही तिथलेच. त्याला वाटतं, लोकांना रस्त्यावर आणायची ही माझी युक्ती आहे. म्हणाला, संचारबंदीत एक जरी माणूस घराबाहेर दिसला तर गोळी घालीन."

मग ते चष्मा पुसत राहिले. नोदिरा माझ्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "तो म्हणाला, परदेशी तज्ज्ञानं सही करून दिलं तर विचार करीन."

मला कळायचं ते कळलं.

"मला परवानगी नाही," मी म्हटलं. फाइल उघडून तो परिच्छेद त्यांना दाखवलासुद्धा. शेरालींनी तो शांतपणे वाचला आणि फाइल मिटून माझ्यासमोर ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला समजतं. आम्हीही अशाच कागदांवर सह्या करतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी दूतावासाला फोन लावला. भल्ला नावाचे अधिकारी बोलायचे. मी त्यांना दरडीचं सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमची इमारत उंचावर आहे ना?"

"हो, पण खाली..."

"मग तुम्ही सुरक्षित आहात. उद्या दुपारी एकला आमच्या गाड्या झरदोबला येतील. एक बॅग घेऊन तयार राहा. तोवर खोलीबाहेर पडू नका."

"तुम्ही त्यांच्या सरकारला कळवू शकाल का?"

"कोणत्या सरकारला, मॅडम? परवा एक होतं, आज कोण आहे ते आम्हालाच माहीत नाही. तुम्ही प्लीज काही लिहून देऊ नका. प्लीज."

मग नागपूरचा नंबर मागितला. तासाभरानं लागला. आमचे संचालक डॉ. कारखानीस. माझी पहिली नेमणूक त्यांनीच केलेली. माझी मुलगी मीरा आजारी होती तेव्हा स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठोंबरे, तुमचा हिशेब चुकला तर?"

"चुकलेला नाही, सर."

"समजा चुकला. लोक बाहेर पडले, सैनिकांनी गोळ्या चालवल्या, आणि पाणी आलंच नाही. मग ते कोणाचं नाव घेतील? तुमचं नाही. देशाचं घेतील."

"आणि हिशेब बरोबर निघाला तर, सर?"

लाइनवर खरखर होत होती. "निरंजनाबाई," ते म्हणाले. असं नावानं ते मला कधीच बोलवत नसत. "एक ओळही लिहून देऊ नका. नीट घरी या. मीराची परीक्षा आहे ना पुढच्या महिन्यात?"

मी खोलीत येऊन बसले. दार बंद, पडदा ओढलेला, टबात पाणी काठोकाठ. त्या खोलीत आठ पावलं लांबीला होती आणि सहा रुंदीला. तीन दिवसांत मला ते पाठ झालं होतं. बॅग भरली. पुन्हा उघडून पुन्हा भरली. काही वेळानं खालून हसण्याचा आवाज आला, म्हणून पडदा बाजूला केला.

संचारबंदी असूनही वस्तीतली दहा-बारा मुलं नदीच्या पात्रात उतरली होती. पाणी ओसरल्यामुळे दगडांमधल्या डबक्यांत मासे अडकले होते. मुलं ते हातांनी पकडून बादल्यांत टाकत होती. काठावर एक बाई उभी राहून बहुधा त्यांना परत बोलावत होती, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. फाटकावरचा सैनिक बंदूक खांद्याला लावून तेच बघत होता. त्यालाही गंमत वाटत असावी.

नदी आटली हे त्यांना भाग्य वाटत होतं.

दुपारी शेराली नान घेऊन आले तेव्हा मी मजकूर लिहून ठेवला होता. माझ्या हातानं, इंग्रजीत, एक पान. आकडे, तास, वस्ती रिकामी करण्याची गरज. खाली नाव, पद, संस्था, सही. शेरालींनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं.

"विचार केलात?"

"नाही केला. केला तर देणार नाही. चला."

कमांडंटचं ऑफिस शाळेत होतं. पन्नास पावलांवर एक असे सैनिक. तो माणूस चाळिशीचा, बारीक, डोळे जागरणानं लाल. त्यानं शेरालींना दाराबाहेर थांबवलं आणि भाषांतराला नोदिराला आत घेतलं. कागद त्यानं उलटसुलट करून पाहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मग त्यानं माझा पासपोर्ट मागितला. त्यावरचा अशोकस्तंभ बोटानं चाचपला आणि काहीतरी विचारलं.

नोदिरानं भाषांतर केलं. "ते विचारताहेत, हे तुमचं मत आहे की तुमच्या सरकारचं?"

माझं म्हटलं असतं तर त्यानं कागद टेबलावर टाकला असता. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"माझ्या सरकारचं," मी म्हटलं.

वस्ती दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हलली. सैनिकांनीच हलवली, ओरडत, दारं ठोकत, ट्रकमधून आणि पायी, वरच्या शेताडात. कोंबड्या, गाद्या, शिवणयंत्रं, एका म्हातारीला खुर्चीसकट उचललेलं. दुपारी एक वाजता दूतावासाच्या दोन गाड्या आल्या तेव्हाही लोक चढत होते. मी गाडीत बसले. भल्लांनी खिडकीतून तो सगळा पसारा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सोडायला सांगितली. शेराली निरोप द्यायला आले नाहीत. ते वर शेताडात होते.

मी दिल्लीत उतरले त्याच दिवशी दरड फुटली. वस्तीतलं एकही घर उरलं नाही. दोन भाऊ गुरांसाठी खाली परत गेले होते, ते वाहून गेले. बाकी सगळे वाचले.

हे मला शेरालींच्या तारेतून कळलं. मी ती तार घरी सगळ्यांना वाचून दाखवली. मीरानं मला मिठी मारली. त्या रात्री मला आठवडाभरात पहिल्यांदा झोप लागली.

गोष्ट इथंच संपली असती. पण झरदोबच्या जिल्हा कार्यालयानं आभाराचं पत्र पाठवलं. भारत सरकारनं वेळेवर दिलेल्या अधिकृत सल्ल्यामुळे अठराशे नागरिकांचे प्राण वाचले, वगैरे. ते फिरत फिरत दिल्लीला पोचलं, आणि दिल्लीनं विचारलं: हा सल्ला कोणी दिला? कोणाच्या मंजुरीनं?

सप्टेंबरमध्ये कारखानीस साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"बसा. चहा घेणार?"

"नको, सर."

"वर फार तापलंय. तुम्ही सरकारच्या नावानं बोललात, लेखी दिलंत. त्या देशात आता तिसरं सरकार आलंय आणि त्यांना वाटतं, आपण जुन्या लोकांना मदत केली. कोणीतरी निलंबनाचा शब्द काढलाय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "यावर सही केलीत तर इथंच मिटेल. मी बोलून ठेवलंय."

मी वाचलं. संचारबंदीमुळे मी मानसिक तणावाखाली होते. यजमान संस्थेचे प्रमुख डॉ. शेराली यांनी मजकूर तयार करून आणला. परतीचा प्रवास त्यांच्याच सहकार्यावर अवलंबून असल्यानं मी नकार देऊ शकले नाही. भारत सरकारचं मत असल्याचं विधान त्यांच्याच सांगण्यावरून करण्यात आलं.

"सर, यातलं काहीच खरं नाही."

"मला माहीत आहे."

"मजकूर माझा होता."

"ठोंबरे, हा कागद आपल्या फाइलमधून बाहेर जाणार नाही. तो माणूस हजार मैलांवर आहे. त्याला कोण विचारणार? तुम्ही निलंबित झालात तर तुमचा विभाग बंद होईल. चार पोरं आहेत तुमच्या हाताखाली. त्यांचा विचार करा."

खिडकीबाहेर संस्थेची बाग होती. माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. फाटकावर बंदूक घेतलेला कोणी नव्हता. मी उठून दार उघडून चालत घरी जाऊ शकले असते. तरी झरदोबच्या त्या खोलीत मी इतकी कोंडलेली नव्हते.

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं. मी सही केली. कागद वाचायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळ लागला.

"आता विसरून जा," ते म्हणाले. मी खरंच विसरायला लागले. विभाग वाचला. मीरा इंजिनिअरिंगला गेली. शेरालींना मी एक-दोन पत्रं लिहिली, साधीच, हवापाण्याची. उत्तर आलं नाही. तिकडची पोस्ट बंद असेल, असं मी मानून घेतलं.

चार वर्षांनी डेहराडूनला एक परिषद होती. मला पुन्हा परदेश दौऱ्याची मंजुरी मिळाली नव्हती, पण देशात जायला आडकाठी नव्हती. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केस आखूड कापलेले, चेहरा ओढलेला. मी ओळखलं नाही.

"नोदिरा," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. ती अवघडून उभी राहिली. मी हात काढून घेतले.

"शेराली सर कसे आहेत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तिनं कप खाली ठेवला. बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि तिनं अगदी सावकाश, इंग्रजी शब्द नीट जुळवत, सांगितलं. नव्या सरकारनं चौकशी लावली होती. दिल्लीकडून उत्तर आलं, त्याला माझा जबाब जोडलेला होता. परदेशी पाहुणीवर दबाव आणला, परक्या सरकारचं नाव खोटेपणानं वापरलं, संचारबंदीत लोकांना बाहेर काढलं, असे आरोप शेरालींवर ठेवले. वाहून गेलेल्या दोन भावांचा मृत्यूही त्यांच्याच माथी मारला. अकरा महिने तुरुंग. नोकरी गेली. आता भावाच्या गावी मधमाश्या पाळतात.

"मी कोर्टात सांगितलं," नोदिरा म्हणाली. "की मी तिथं होते, भाषांतर मीच केलं, ते वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. जज म्हणाले, बाईंनी स्वतः लिहून दिलंय, मग तू कोण?"



"शेराली सरांनी माझा जबाब पाहिला?"

"वकिलानं दाखवला. त्यांनी दोनदा वाचला." ती थांबली. "मग वकिलाला विचारलं, तिची नोकरी राहिली का?"

आतून पुढच्या सत्राची घंटा झाली. लोक कप ठेवून आत जायला लागले.

"परवा मी परत जातेय," नोदिरा म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"राहिली म्हणून सांग," मी म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशी मी परिषदेला गेले नाही. खोलीत बसून सगळं लिहून काढलं. मजकूर कोणाचा, फोन कोणाकोणाला केले, कमांडंटसमोर कोण खोटं बोललं, आणि नागपूरला बंद दाराआड मी कशावर सही केली. सहा पानं झाली. प्रत्येक पानावर सही केली आणि पाकीट नोदिराच्या हातात दिलं. एक प्रत सोमवारी आमच्या नव्या संचालकांच्या टेबलावर ठेवली. कारखानीस साहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांना मी फोन करून सांगितलं. "वेडेपणा केलात," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा आम्ही बोललो नाही.

माझ्यावर आरोपपत्र आलं. बढती थांबली. ज्या पदावर होते त्याच पदावरून निवृत्त झाले. त्या सहा पानांवर तिकडे पुन्हा सुनावणी झाली, असं नोदिरानं वर्षभरानं कळवलं. शेरालींवरचा डाग पुसला गेला, पण त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता आणि त्यांनीही ती परत मागितली नाही. पाकीट दिल्यावर त्यांनी माझी पानं वाचली का, असं मी तिला पत्रातून विचारलं. तिनं लिहिलं, हो, पण ते काही बोलले नाहीत.

त्यांचं पत्र मला कधी आलं नाही.

आता मला कुठं जायला कोणाची मंजुरी लागत नाही. मागच्या हिवाळ्यात त्या देशाच्या व्हिसाचा अर्ज मीरानं मला आणून दिला. नाव, वय, पत्ता भरला. प्रवासाचा उद्देश या रकान्यापाशी थांबले. मीरा म्हणाली, "आई, पर्यटन लिही. सगळे तेच लिहितात."

मला ते लिहिता येईना. दुसरं काय लिहायचं तेही सुचेना. रकाना कोरा ठेवून अर्ज पाठवला. तीन आठवड्यांनी तो अपूर्ण म्हणून परत आला.

काल मीराला दुसरा आणायला सांगितला आहे.